आत्याचा ट्रक आणि मिशीवाल्यांचं चाक

माझी आत्या एका अडुसष्ट वर्षांच्या माणसावर गेली सात वर्षं जळतेय, आणि त्या माणसाने तिचं काही म्हणता काही वाकडं केलेलं नाही. त्याने तिला फक्त ट्रक विकला.

ट्रक म्हणजे साधा नाही हं. ट्रेलर. पुढे केबिन आणि इंजिनवालं डोकं, ड्रायव्हर लोक त्याला घोडा म्हणतात, आणि मागे ही लांबच्या लांब ट्रॉली. एकूण अठरा चाकं. आत्या त्यातून काचेच्या कारखान्याचा माल नेते. मी तिच्याकडे राहते कारण माझं कॉलेज तिच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि घर म्हणजे दोन खोल्या, एका खोलीत आम्ही झोपतो आणि दुसरीत आत्याचे फिल्टर, पट्टे, ग्रीसचे डबे आणि माझी पुस्तकं झोपतात. शेजारच्या बायका म्हणतात तुमच्याकडे आलं की पेट्रोल पंपावर आल्यासारखं वाटतं. आत्या म्हणते, डिझेल. पेट्रोल नाही.

तर ज्याने ट्रक विकला त्याला सगळे मिशीवाले म्हणतात. एवढी मोठी मिशी की म्हणे केबिनच्या खिडकीतून आधी मिशी दिसायची आणि मग माणूस. त्याने हा ट्रक नवाकोरा घेतला, दहा वर्षं चालवला, गुडघे गेले, विकला. आत्याने घेतला. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून तिने आयुष्यात पहिली स्वतःची गाडी घेतली, आणि पहिल्याच दिवशी वजनकाट्यावरचा माणूस ओरडला, "अरे, मिशीवाल्यांची गाडी आली, घ्या आत!"

झालं. तिथून सुरू.

आत्याने रंग बदलला. निळा होता तो लाल केला. वजनकाट्यावरचा म्हणाला, "मिशीवाल्यांच्या गाडीला लाल रंग शोभतो हो!" आत्याने पडदे बदलले, सीट बदलली, हॉर्नसुद्धा बदलला. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी सात वर्षं वहीत काय लिहितो माहितीये? गाडीचा नंबर, आणि पुढे 'मिशीवाले'. आत्या उभी असते समोर. बावन्न वर्षांची, वेणी घातलेली, मिशीचा पत्ता नाही. तो तिच्याकडे बघत बघत 'मिशीवाले' लिहितो.

"अहो, मी चालवते ही गाडी," आत्या एकदा म्हणाली त्याला.

"हो ना ताई, माहितीये की. मिशीवाल्यांची गाडी तुम्ही चालवता."

त्या दिवशी घरी येऊन तिने चहा एवढा ढवळला की कप फुटला. खरंच फुटला, मी भरल्या ना काचा.

मला वाटायचं एवढं काय त्यात. पण मग बाबांनी मला एकदा सांगितलं की आत्याच्या वर मोठी आत्या आणि खाली बाबा. मोठीचे कपडे हिला. मोठीचं दप्तर हिला. शाळेत हिने घातलेल्या स्वेटरला घरातले सगळे 'ताईचा स्वेटर' म्हणायचे, हिने तो चार वर्षं घातला, विरला, फाटला, टाकला, तरी टाकताना आजी म्हणाली म्हणे, "ताईचा स्वेटर छान टिकला हो." आणि बाबा शेंडेफळ म्हणून सायकल नवी आली ती बाबांना. हे सांगताना बाबा हसत होते. मी नाही हसले. मला एकदम इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला.

पण वजनकाटा, पहारेकरी, हे सगळं एकवेळ परवडलं. खरी आग लागायची ती वर्षातून एकदा, सर्व्हिसच्या वेळी.

जुना ट्रक म्हणजे दरवर्षी एकदा तो नीट उघडून बघावाच लागतो, नाहीतर सरकारी तपासणीत पास होत नाही, आणि पास नाही तर रस्त्यावर काढता येत नाही. चार दिवसांचं काम असतं. इंजिन ऑइल, गिअरचं ऑइल, सगळे फिल्टर, पंख्याचे पट्टे, ब्रेकच्या हवेच्या टाक्यांमधलं पाणी काढायचं, ट्रॉली ज्या मोठ्या चकतीवर येऊन बसते ती खरवडून नवीन ग्रीस लावायचं, आणि मग एकेक चाक उतरवून ब्रेकचे लायनर आणि बेअरिंग बघायचे. हे सगळं आत्या मेस्त्रीच्या यार्डात करते. मेस्त्री म्हणजे कमरेतून थोडा वाकलेला, कानामागे कायम पेन्सिल, कमी बोलणारा माणूस. आत्या स्वतः त्याच्या बरोबरीने हात काळे करते.

आणि दरवर्षी, पहिल्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, न बोलावता, मिशीवाले हजर.

इस्त्रीचा शर्ट. हातात थर्मास. एक पिंप उलटं करून त्यावर रुमाल टाकून बसायचे. आणि मेस्त्री, आमचा मेस्त्री, जो आत्याशी दिवसात सहा शब्द बोलतो, तो इंजिन चालू करून विचारायचा कुणाला? त्यांना. "काय वाटतं?"

मिशीवाले लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनला लावायचे आणि मूठ कानाला. डोळे मिटायचे. डॉक्टरसारखे. मग म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरा कुरकुरतोय. थंडीत करते ती असं. लहानपणापासून सवय आहे तिला."

लहानपणापासून! मी आत्याकडे बघायचे. तिच्या कानशिलावरची शीर ताड ताड उडायची.

"आणि ताई, पट्टा एवढा ताणू नका. तिला नाही आवडत."

"तिला काय आवडतं ते मला माहितीये," आत्या म्हणायची. "मी झोपते तिच्यात. आठवड्यातले चार दिवस."

"मी दहा वर्षं झोपलो," मिशीवाले अगदी प्रेमाने म्हणायचे, आणि थर्मासमधला चहा आत्यालाच पुढे करायचे. वाईट बोलला असता माणूस तर भांडता तरी आलं असतं! तो चांगला. कायम चांगला. चिडायलाही जागा ठेवत नाही.

सगळ्यात भयंकर म्हणजे तिसऱ्या दिवशी चाकं उतरवायची वेळ आली की ते उठायचे, बाह्या वर करायच्या आणि घोड्याच्या डावीकडच्या मधल्या चाकापाशी जाऊन बसायचे. "हे चाक माझं," म्हणायचे. "एवढं एक म्हाताऱ्याला करू द्या." ते चाक ते स्वतः खोलायचे, स्वतः बसवायचे. तेवढा वेळ आत्या यार्डाच्या बाहेर जाऊन उभी राहायची. मला म्हणायची, "बघवत नाही गं. जणू माझ्या घरात येऊन माझ्याच पोरीची वेणी घालतोय."

तर यावर्षी आत्याने ठरवलं. त्याला कळवायचंच नाही.

दरवर्षीपेक्षा तीन आठवडे आधीची तपासणीची तारीख घेतली. शुक्रवार. सोमवारी गाडी यार्डात. मेस्त्रीला तिने समोर बसवून सांगितलं, "मेस्त्री, त्यांना फोन करायचा नाही. बाजारात भेटले तर बोलायचं नाही. विचारलं तर माहीत नाही."

मेस्त्री म्हणाला, "बरं."

"शपथ घ्या."

"ताई, मी बोलतो कधी?"

ते खरंच होतं.

सोमवार आणि मंगळवार काय सुंदर गेले! माझे तास दुपारी असायचे म्हणून सकाळी मीही यार्डात. आत्या गाडीखाली आडवी होऊन गाणं गुणगुणत होती. मी तिला सर्व्हिसच्या वेळी कधीच गाताना ऐकलं नव्हतं. काळं ऑइल घळाघळा डब्यात पडत होतं आणि ती बोटावर घेऊन मला दाखवत होती, "बघ, लोखंडाचा कण नाही एकही. इंजिन कसं ठेवलंय मी!" मी! तिने 'मी' इतक्या जोरात म्हटलं की मेस्त्रीने मान वर करून बघितलं. मग तिने स्वतः तो लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि इंजिनला लावून कान लावला. बराच वेळ. मी विचारलं काय ऐकू येतंय. म्हणाली, "सगळं." मग जरा थांबून म्हणाली, "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह कुरकुरतोय," आणि तोंड कडू करून स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला.

बुधवार उजाडला. चाकांचा दिवस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. म्हणजे साधा नट आपण डावीकडे फिरवला की सुटतो, हे नट उजवीकडे फिरवले की सुटतात. डावीकडची चाकं धावताना आपोआप सैल होऊ नयेत म्हणून जुन्या गाड्यांत तसं असतं. आत्याला हे झोपेतही माहीत आहे. सव्वीस वर्षं ट्रक चालवतेय बाई. पुढचं डावं चाक तिने दहा मिनिटांत उतरवलं. मेस्त्री उजवीकडे होता. मग ती त्या मधल्या चाकापाशी आली, मिशीवाल्यांच्या चाकापाशी. हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता बोलते की काय त्याच्याशी.

पान्याला लांब पाइप लावला, नटावर बसवला, उजवीकडे जोर दिला. हलेना.

"गंजलंय," ती म्हणाली. तेल सोडलं. पुन्हा जोर. हलेना.

"म्हातारा काय ताकद लावून आवळतो गं!" आणि ती चिडली. मला दिसत होतं ती कुणावर चिडली ते. ती सरळ पाइपवर चढली आणि दोन्ही पायांनी दाबलं.

काड.

नट फिरला नाही. नटासकट अख्खा बोल्टच तुटून जमिनीवर पडला.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण आत्या म्हणाली, "एखादा सडलेला असतो," आणि दुसऱ्यावर चढली. काड. तिसऱ्यावर. काड. चौथ्यावर मी ओरडले, "आत्या, नको ना!" तर ती म्हणाली, "त्याच्या हातून सुटतात आणि माझ्या हातून नाही सुटणार?" आणि काड.

मेस्त्री धावत आला. कमरेतून वाकलेला माणूस धावतो तेव्हा फार वाईट वाटतं बघून. त्याने खाली बसून एका बोल्टच्या तोंडावरचा गंज आणि आत्यानेच लावलेला लाल रंग चाकूने खरवडला, पेन्सिल कानामागून काढून त्या जागेवर टेकवली, आणि हळूच म्हणाला, "ताई. हे सुलटे आहेत."

"काय?"

"आटे. बाकी सगळी डावी बाजू उलटी. हे चाक सुलटं. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता."

त्याने पाना दुसऱ्या बाजूला फिरवला आणि उरलेल्या सहापैकी एक नट लोण्यासारखा सुटला.

आत्या तिथेच जमिनीवर बसली. सात वर्षं हा प्रकार तिला माहीत नव्हता, कारण सात वर्षं हे चाक उघडायच्या वेळी ती फाटकाबाहेर उभी राहून धुसफुसत होती. मेस्त्री पलीकडे असायचा, त्यालाही माहीत नाही. टायर बदलायचे तर तेही याच चार दिवसांत, आणि रस्त्यात ते चाक कधी पंक्चर झालंच नाही.

चाक काढल्यावर कळलं की प्रकरण अजून वाईट आहे. चाक ज्या लोखंडी भागावर बसतं, ज्यातून ते दहा बोल्ट बाहेर येतात, तो भागच, मेस्त्री त्याला हब म्हणतो, या ट्रकचा नव्हता. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा, घासून घासून इथे बसवलेला. त्यामुळे दुकानातले बोल्ट त्याला लागणार नाहीत. आणि ही कुठली गाडी हे मेस्त्रीलाही ओळखता येईना.

"परवा तपासणी आहे," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, सगळ्यांना माहीत होतं. ही तारीख गेली तर पुढची दीड महिन्याने, आणि दीड महिना कारखाना आत्यासाठी काच धरून बसणार नाही.

"कुणाला तरी विचारावं लागेल," मेस्त्री म्हणाला. कुणाला ते म्हणाला नाही. शपथ पाळली त्याने.

"मी मरेन," आत्या म्हणाली, "पण त्या माणसाला विचारणार नाही."

आणि मग मला रडूच आलं. मला पटकन येतं रडू. मी म्हटलं, "म्हणजे त्याची गाडी दीड महिना उभी राहील का तुझी? तुझीच राहील ना? पहारेकरी काय लिहील वहीत, मिशीवाले आले नाहीत म्हणून?"

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं आता एक बसते. मग ती उठली, हात पुसले, म्हणाली, "चल. आणि तिथे रडायचं नाही. तिथे तर अजिबात नाही."

मिशीवाल्यांचं घर पहिल्या मजल्यावर. संध्याकाळचे पाच. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ठेंगणी, हातात अर्धवट सोललेला बटाटा. आत्याच्या अंगावर अजून यार्डातलेच कपडे, ऑइलने काळे. काकूंनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही ट्रकवाल्या ना?"

"हो वहिनी. दादा आहेत का?"

"अगं बाई. म्हणजे आली ती वेळ. इस्त्रीचा शर्ट." आणि आत तोंड करून, "अहो! आली हो तुमच्या तिची माणसं!"

आत्याला वाटलं ही बाई आपल्यावरच संशय घेतेय. कान लाल झाले तिचे. "वहिनी, तसं काही नाही हं, मी फक्त गाडीच्या कामाला—"

काकू इतक्या हसल्या की बटाटा खाली पडला. "तुमच्यावर नाही हो! तुमचं काय! त्या ट्रकवर जळते मी. चाळीस वर्षांचा संसार, माझ्या वाढदिवसाला बनियनवर बसतो हा माणूस. आणि तिच्या सर्व्हिसला आदल्या दिवशी कटिंग करून येतो."

आत्या बघतच राहिली. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्यासारखं कुणी भेटलं. दोघी दारातच उभ्या, एकीच्या हाताला ग्रीस, एकीच्या हाताला बटाट्याची साल.

मिशीवाले बाहेर आले. बनियनवर. आम्हाला बघून आधी चेहरा फुलला आणि मग आत्याचे कपडे दिसले. काळे. तीन दिवसांचे काळे. ते माणूसच आहे तसं, कपड्यांवरच्या डागावरून कुठलं काम झालं ते ओळखणारं.

"काढली?" ते म्हणाले. "मला न सांगता?"

मी शपथेवर सांगते, असा चेहरा मी फक्त एकदा बघितलाय, आमच्या वर्गातल्या एका मुलीला तिच्याशिवाय सगळे ट्रिपला गेल्याचं कळलं होतं तेव्हा.

"माझी गाडी आहे," आत्या म्हणाली. आवाज जरा चढलाच होता. "सांगायला कशाला हवं?"

"नाही. नकोच." ते खुर्चीवर बसले. गुडघा धरून हळूहळू. मग म्हणाले, "कुठपर्यंत आलात?"

"डावीकडच्या मधल्या चाकापर्यंत."

काकूंचा बटाटा सोलायचा चाकू थांबला.

"किती तुटले?" मिशीवाले म्हणाले.

ते ऐकल्यावर आत्या समजली. मीही समजले, पण एक सेकंद उशिरा. किती तुटले! म्हणजे तुटणार हे माहीत होतं.

"तुम्हाला माहीत होतं," आत्या म्हणाली.

आणि मग त्यांनी सांगितलं. विकायच्या आदल्या वर्षी भर रस्त्यात, गावापासून लांब, त्या चाकाचं बेअरिंग जळलं आणि हब फुटला. पलीकडे एक आपटलेला टँकर पडला होता, त्याचा उजवीकडचा हब काढून, घासून, इकडे बसवला. तात्पुरता. घरी गेल्यावर बदलू म्हणून. मग राहिला. मग गुडघे गेले. मग आत्या गाडी बघायला आली.

"तुम्ही एवढ्या खूश होतात त्या दिवशी," ते म्हणाले. "बॉनेटवर हात फिरवत होतात. मला वाटलं हे सांगितलं तर घेणार नाहीत. नाही सांगितलं. मग झोप लागेना. म्हटलं निदान ते चाक तरी दरवर्षी आपण उघडावं. बाईच्या हातून तुटायला नको रस्त्यात."

"म्हणजे सात वर्षं," आत्या एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "तुम्ही त्या चाकासाठी येत होतात?"

"पहिल्या वर्षी त्यासाठी आलो."

"आणि नंतर?"

मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. काकूच म्हणाल्या, "नंतर काय नंतर! मला विचारा."

मला वाटलं आता आत्याचा स्फोट होणार, फसवलंत, पोलीस, वगैरे. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "सात वर्षं मी चालवतेय ती. आणि तिची एक गोष्ट तुम्हाला माहीत आणि मला नाही!" तिला फसवल्याचं काही नव्हतं हो. तिचं ते एकच दुःख, की त्यांचं आणि ट्रकचं काहीतरी गुपित होतं.

मिशीवाले उठले, आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखालून बिस्किटांचा एक चपटा डबा घेऊन आले. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले दहा बोल्ट, दहा नट. त्या टँकरवाल्या हबचे. "शोधून ठेवले होते. कधी लागले तर." मग दांडीवरचा शर्ट ओढत म्हणाले, "चला. दोन तासांत होईल. मी दाबून—"

"नाही," आत्या म्हणाली.

"अहो पण ते बसवताना—"

"दादा. तुम्ही यायचं नाही."

शर्टात एक हात गेलेला, एक बाहेर. ते तसेच उभे राहिले. मला पुन्हा रडू येत होतं पण मला तिथे रडायला बंदी होती. आत्याने डबा घेतला आणि आम्ही निघालो. जिन्यात मी म्हटलं, "किती वाईट वाटलं त्यांना." आत्या म्हणाली, "वाटू दे." दोन पायऱ्यांनी म्हणाली, "मलाही वाटलं."

यार्डात मेस्त्रीने डबा बघितला आणि त्याच्या जिवात जीव आला. "हे बोल्ट आत्ता ठोकतो, उद्या सकाळी चाक चढवू, संपलं."

"नको," आत्या म्हणाली. "हबच काढा."

"ताई, अख्खा दिवस जाईल. आपल्या मॉडेलचा हब शोधावा लागेल. बेअरिंग नवीन. परवा सकाळी तपासणी."

"आहे माझ्याकडे अख्खा दिवस."

"याने चालतंय की! सात वर्षं चाललं."

"त्यांचं चाललं," आत्या म्हणाली. "माझं नाही चालणार."

मेस्त्रीने सव्वीस शब्दांचं भाषण केलं, मी मोजले, हट्टी बायका आणि उरलेला वेळ या विषयावर. मग गुपचूप पाना उचलला.

गुरुवारी मी कॉलेज बुडवलं. आत्या आणि मी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची तीन गोडाऊनं फिरलो. तिसऱ्यात ती लोखंडाच्या ढिगावर चढली आणि पालथ्या पडलेल्या एका हबच्या बोल्टचं तोंड साडीच्या पिनेने खरवडून बघत बसली. तिथला माणूस म्हणाला, "ताई, दागिना घेताय का?" तिने वर बघितलंच नाही. उलटे आटे. आपलं मॉडेल. कडेला एकही तडा नाही. मापं घेतली, पुन्हा घेतली. मग दुपारपासून बेअरिंगमध्ये बोटाबोटाने ग्रीस भरणं, हब चढवणं, फिरवून बघणं, पुन्हा उतरवणं, पुन्हा चढवणं. मेस्त्री म्हणाला आता ठीक आहे. आत्या म्हणाली अजून एकदा. दिवे लागायच्या आत चाक चढलं. शेवटचा नट तिने स्वतः आवळला, डावीकडे, सगळ्या डाव्या चाकांसारखा, आणि मग त्या चाकाला हळूच एक चापट मारली. लाडाची होती की शिक्षेची ते मला कळलं नाही.

तो जुना टँकरवाला हब आणि बिस्किटांचा डबा तिने माझ्याकरवी मिशीवाल्यांकडे परत पाठवला. केवढं जड ते! रिक्षावाल्याने दोनदा विचारलं यात काय आहे. काकूंनी दार उघडलं आणि कपाळावर हात मारला, "आता हिचा एकेक अवयव माझ्या घरात येणार का?" मिशीवाले मागे उभे होते. त्यांनी हब हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, "नवीन कुठला टाकला?" मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. बरोबर केलं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि चूक केलं म्हणायला जागा नव्हती.

शुक्रवारी तपासणी. आम्ही सकाळी सातला रांगेत. तपासणारा तरुण होता, नवीन, हातात टॉर्च. खालून वरून सगळं बघितलं, ब्रेक बघितले, त्या मधल्या चाकापाशी तर उगाच दोन मिनिटं बसला. आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून वळ आहे. मग तो उठला आणि म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीचे हब असे क्वचित बघायला मिळतात. कुणी केलं काम?"

"मी," आत्या म्हणाली.

"मालक कोण?"

"मी."

त्याने लिहिलं, शिक्का मारला, कागद दिला. एवढंच. त्याला कोण मिशीवाले आणि कोण काय, काही माहीत नव्हतं. आत्या केबिनमध्ये चढली, दार लावलं, आणि तो कागद स्टिअरिंगवर पसरून बराच वेळ बघत बसली.

तेवढ्यात फोन. मिशीवाले. आत्याने वाजू दिला. वाजतच राहिला. मग फोन माझ्याकडे फेकला, "तू बोल. पास झाली सांग. बाकी काही नको."

"काका, पास झाली."

"आवाज कसा येतोय चाकाचा? चालताना? हुं हुं असा येतो का? पहिल्या दिवशी जरा—"

आत्याने फोन हिसकावला. "काही येत नाही आवाज. ठेवते." आणि ठेवला. मग इंजिन चालू केलं, गाडी फाटकाबाहेर काढली, आणि रस्त्याला लागल्यावर खिडकीची काच खाली करून डोकं अर्धं बाहेर काढून चाकाचा आवाज ऐकत राहिली. हुं हुं येतोय का ते.

"मी विकेन ना ही कधी," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा घेणाऱ्याला सगळं सांगणार. एकेक नट. वहीत लिहून देणार. लपवाछपवी नाही."

"छान," मी म्हटलं.

सिग्नल लागला. सिग्नलवर तिचा चेहरा हळूहळू बदलायला लागला, मी बघत होते.

"कोण असेल गं तो?"

"कोण?"

"घेणारा. धसमुसळा असला म्हणजे? क्लचवर पाय ठेवून चालवणारा? केबिनमध्ये चपला घालून चढणारा?" सिग्नल हिरवा झाला तरी तिचं लक्ष नव्हतं, मागून हॉर्न वाजायला लागले. "आणि वही काय म्हणून द्यायची त्याला? माझ्या सगळ्या वर्षांची माहिती त्याला आयती? वर म्हणणार, तिला असं आवडतं, तिला तसं आवडतं, आणि शिकला कुठून? माझ्या वहीतून!"

"आत्या, हिरवा झालाय."

"दिसतंय मला." तिने गिअर टाकला, इतका हळुवार की मला जाणवलाही नाही. "विकायचीच नाही. बघू कोण घेतो ते."

आणि मागच्या हॉर्नवाल्याकडे तिने आरशातून असं बघितलं, जसं काही तोच घेणारा होता.